नॉमिनी: पैसे कोणाच्या हातात आणि पैसे कोणाचे

बँकेत खातं उघडताना, विम्याचा फॉर्म भरताना, सोसायटीत फ्लॅट नावावर होताना नॉमिनीचा एक रकाना हमखास येतो आणि तो बहुतेक वेळा मिनिटभरात भरून होतो. नाव, नातं, जन्मतारीख, सही. काउंटरवरची व्यक्तीही "वारस कोण लावायचा?" असंच विचारते आणि आपण बायकोचं नाहीतर थोरल्या मुलाचं नाव सांगून मोकळे होतो. घरी येऊन सांगतो, "तुझं नाव लावून आलोय, काळजी नको." गैरसमज तिथेच रुजतो. नॉमिनी वारस असेलच असं नाही, आणि असला तरी तो एकटाच वारस आहे असं त्या रकान्यामुळे ठरत नाही.

मग हा रकाना आहे कशासाठी? तो मुळात बँकेच्या सोयीचा आहे. खातेदार गेला की बँकेकडे त्याचे पैसे पडून राहतात आणि ते कोणाला द्यायचे हे तिला माहीत नसतं. दारात आलेल्या माणसाला दिले आणि उद्या दुसराच वारस उभा राहिला, तर बँकेला तीच रक्कम पुन्हा मोजावी लागेल. म्हणून कायद्याने तोडगा काढला: खातेदाराने हयातीत ज्याचं नाव लिहून दिलं त्याला पैसे दिले की बँक सुटली. बँकिंग नियमन कायद्याचं कलम ४५ झेडए हेच सांगतं. त्याच्या पुढचं कलम ४५ झेडबी तर आणखी स्पष्ट आहे. नॉमिनी असताना दुसऱ्या कोणी "माझाही हिस्सा आहे" अशी नोटीस बँकेला दिली, तर बँकेने ती विचारात घ्यायची गरज नाही. बँक थांबते ती फक्त न्यायालयाच्या आदेशाने. म्हणजे कायद्याने बँकेला भांडणाच्या बाहेर काढलं आहे. भांडण मिटवलेलं मात्र नाही. आधीच्या कलम ४५ झेडएमध्येच लिहिलंय की नॉमिनीच्या हातात पैसे गेल्यावर इतरांचे त्याच्याविरुद्धचे हक्क अबाधित राहतात. फॉर्म भरताना हे वाक्य कोणी दाखवत नाही.

या प्रश्नावरचा आधारस्तंभ म्हणावा असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर १९८३ रोजी दिला, सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात. एक गृहस्थ १९६७ साली मृत्युपत्र न करता वारले. प्रत्येकी १०,००० रुपयांच्या दोन आयुर्विमा पॉलिसी, नॉमिनी पत्नी. मागे पत्नी, लहान मुलगा आणि आई. पत्नीचं म्हणणं, नाव माझं आहे तर पैसे माझे. दिल्ली उच्च न्यायालयाचे काही निकाल या बाजूचे होतेही. सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. नॉमिनी म्हणजे रक्कम स्वीकारण्यासाठी नेमलेला हात, त्या रकमेचं वाटप वारसा कायद्यानेच होणार, असं सांगून तिघांना एक तृतीयांश हिस्सा दिला. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवल्याने घर त्याचं होत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. पण लोकांच्या मनातून उलटा समज अजून जात नाही.

वारसा कायद्यानेच वाटप होणार म्हणजे नेमकं काय, ते एका हिशेबाने पाहू. समजा एका हिंदू पुरुषाची १२ लाखांची मुदत ठेव आहे, नॉमिनी पत्नी आहे आणि मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि म्हातारी आई. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे हे चौघेही वर्ग एकचे वारस आणि चौघांचा हिस्सा सारखा. पत्नीने १२ लाख बँकेतून उचलले तरी तिचे ३ लाखच. ३ मुलाचे, ३ मुलीचे, ३ सासूबाईंचे. इथवर घरात सहसा वाद होत नाही, कारण सासूबाई मागत नाहीत. खरी गाठ पुढे बसते. सासूबाई गेल्या की त्यांचे ३ लाख त्यांच्या वारसांकडे जातात, म्हणजे नातवंडांबरोबरच दिरांकडे आणि नणंदांकडेही. दहा वर्षांनी एखाद्या दिराने हिशेब मागितला की वहिनींना तो लोभ वाटतो. कायद्याच्या नजरेने तो स्वतःच्या आईचा हिस्सा मागतोय.

आई वर्ग एकमध्ये आहे, वडील नाहीत. वडील येतात वर्ग दोनमध्ये, म्हणजे पहिल्या वर्गातलं कोणीच नसेल तेव्हा. अविवाहित कमावता मुलगा गेला आणि आई-वडील दोघेही हयात असले, तर सगळं आईचं. त्याने नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव लावलेलं असेल तर वडील पैसे आणतील, पण ते आईचे म्हणून. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत वारस वेगळ्या नियमांनी ठरतात. नॉमिनीचं काम मात्र सगळीकडे तेच.

बायकांच्या बाबतीत तर हा रकाना अधिकच फसवा आहे. विवाहित, निपुत्रिक हिंदू स्त्रीने स्वतः कमावलेला पैसा, तिचा नवरा हयात नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. २००९ च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात हे किती टोकाला जाऊ शकतं ते दिसलं. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली, सासरहून घालवून दिलेली मुलगी माहेरच्या आधाराने शिकली, नोकरीला लागली आणि मृत्युपत्र न करता वारली. तिची बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी शेवटी नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाला. न्यायालयाने हळहळ व्यक्त केली, पण कायदा स्पष्ट आहे म्हणाले. अशा स्थितीतल्या बाईने आईचं नाव नॉमिनी म्हणून सगळीकडे लावलं तरी पुरत नाही. तिला मृत्युपत्रच करायला हवं.

आता अपवाद. २०१५ साली विमा कायद्याचं कलम ३९ बदललं. नॉमिनी जर पॉलिसीधारकाचे आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुलं असतील, तर ते रकमेचे लाभार्थी हक्कदार, म्हणजे नुसते स्वीकारणारे नव्हे तर खरे धनी, समजले जातील असं त्यात आलं. भाऊ, बहीण, पुतण्या या यादीत नाहीत. ते जुन्या अर्थाचेच नॉमिनी राहतात. वाचायला हे सरळ आहे, पण या दुरुस्तीने वारसा कायदा खरोखर बाजूला सारला का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. त्यामुळे विम्याचे पैसे पत्नीलाच मिळावेत अशी इच्छा असेल, तर माझ्या मते नॉमिनीच्या रकान्यावर विसंबण्यापेक्षा पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्यावी. त्यासाठी वेगळं पुरवणीपत्र भरावं लागतं. ते भरलं की पॉलिसी पत्नी-मुलांसाठीचा विश्वस्त निधी होते. सावकार त्यावर हात टाकू शकत नाहीत आणि इतर वारसही नाहीत. एकदा घेतलेली पॉलिसी नंतर या कायद्याखाली आणता येत नाही, आणि एजंट हे आपणहून क्वचितच सांगतात.

शेअर आणि म्युच्युअल फंडांचा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. कंपनी कायद्यात शेअर नॉमिनीकडे "निहित होतील", म्हणजे त्याच्याकडे जातील, असे शब्द आहेत, आणि त्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी २०१० मध्ये नॉमिनीच मालक असं ठरवलं होतं. पुढे शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर हा खटला आला. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी मृत्युपत्र केलं होतं आणि त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनीही लावलेले होते, त्यावरून हा वाद होता. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी नॉमिनीला मालकी मिळत नाही असाच निर्वाळा दिला. 'निहित' झाले ते कंपनीच्या नोंदीपुरते. मृत्युपत्र किंवा वारसा कायदा त्याच्या वरच.

सोसायटीतल्या फ्लॅटबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण महाराष्ट्रात सर्वांत जास्त भांडणं तिथली. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, नामनिर्देशनाचा (नॉमिनी नेमण्याचा) अर्ज तीन प्रतींत द्यायचा. व्यवस्थापक समितीच्या पुढच्या सभेत त्याची नोंद होते, सचिव नामनिर्देशन नोंदवहीत नाव चढवतात आणि एक प्रत पोच म्हणून सभासदाला परत मिळते. ही पोच मिळाली नाही तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा. समिती बदलते, दप्तर एका सचिवाच्या कपाटातून दुसऱ्याच्या कपाटात जातं, आणि वीस वर्षांनी फॉर्म सापडत नाही. एकापेक्षा जास्त नावं असतील तर प्रत्येकापुढे टक्केवारी लिहावी. फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल तर प्रत्येकाचं नामनिर्देशन आपापल्या हिश्श्यापुरतं चालतं. नवऱ्याने सगळ्या फ्लॅटसाठी मुलाचं नाव लिहिलं तरी बायकोचा अर्धा भाग त्यात येत नाही.

सभासद गेल्यावर काय होतं यावर २०१९ साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम १५४ब-१३ आलं, आणि ते चांगलं झालं. त्यानुसार नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद म्हणून घेते; खरे वारस ठरून त्यांची नावं लागेपर्यंत. तो मेंटेनन्स भरेल, पत्रव्यवहार करेल. पण फ्लॅट विकायला निघाला तर कोणताही सावध खरेदीदार किंवा त्याला कर्ज देणारी बँक विचारणार: बाकीचे वारस कुठे आहेत? सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवलं म्हणजे फ्लॅट नावावर झाला, ही समजूत इथे उघडी पडते. सोसायट्यांचीही एक खोड असते. त्या नॉमिनीकडून इतर वारसांचं नोटरी केलेलं ना हरकत पत्र घेतात आणि फाईल बंद करतात. त्या पत्राने सोसायटीचं समाधान होतं, पण भावाबहिणींचा स्थावर मालमत्तेतला हक्क जात नाही. तो सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं.

शेतजमिनीला नॉमिनी नसतोच. तिथे वारसनोंद होते, तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार. पण सातबाऱ्यावर नाव चढणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे, आणि नाव राहून गेलं म्हणून बहिणीचा हिस्सा बुडतही नाही.

नोकरदारांनी भविष्य निर्वाह निधीकडे वेगळं पाहावं. तिथे कोणाचंही नाव घालायची मोकळीक नाही. कुटुंब असेल तर त्यातल्याच माणसाचं नाव द्यावं लागतं, आणि योजनेच्या व्याख्येत भाऊ कुटुंबात येत नाही. कुटुंब नसताना दुसऱ्या कोणाचं नाव दिलं असेल तर कुटुंब झाल्यावर ते आपोआप रद्द होतं. ग्रॅच्युइटीचा नियमही याच वळणाचा. बहुतेक लोक पहिल्या नोकरीत, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी नाव देतात आणि नंतर त्या फॉर्मचं तोंड पाहत नाहीत. लग्नाआधी आईचं नाव, लग्नानंतर बदल नाही, आणि मृत्यूनंतर आई विरुद्ध पत्नी असा खटला: २००९ च्या शिप्रा सेनगुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत हे भांडण गेलं आणि नॉमिनी आई असली तरी पत्नीचा वारसाहक्काचा हिस्सा मान्य झाला. आता ई-नॉमिनेशन ऑनलाइन करता येतं. नॉमिनीचा आधार क्रमांक, फोटो आणि शेवटी ई-साइन. अनेकांचं काम याच शेवटच्या पायरीवर अडतं. माहिती भरलेली दिसते, ई-साइन राहून जातं आणि नामनिर्देशन नोंदलंच जात नाही.

फॉर्म भरताना होणाऱ्या बाकीच्या चुका साध्याच असतात, पण महागात पडतात. नाव घरात हाक मारतात ते लिहिलेलं असतं, आधारवर वेगळंच असतं. लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, फॉर्मवर माहेरचं राहतं. नॉमिनी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. ते राहिलं की विम्याचा दावा खोळंबतो. घटस्फोट झाला म्हणून बँकेतलं किंवा विम्यातलं पूर्वीच्या जोडीदाराचं नाव आपोआप जात नाही. नॉमिनी आपल्याआधी वारला आणि दुसरं नाव दिलं नाही तर नॉमिनी नसल्यासारखीच स्थिती. दर मुदत ठेवीचं नामनिर्देशन वेगळं असतं. बचत खात्यावर नाव आहे म्हणून ठेवीवर आहेच असं धरू नये, पावतीवर 'नामनिर्देशन नोंदवले' असा शेरा बघावा. संयुक्त खात्यात एक खातेदार गेला तर नॉमिनीचा काही संबंध येत नाही. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं असेल तर हयात खातेदार व्यवहार करतो आणि नॉमिनीची पाळी सगळे खातेदार गेल्यावर. बँकेच्या फॉर्मवर सही असेल तर साक्षीदार लागत नाहीत, अंगठा असेल तर दोन लागतात. पुष्कळ शाखा सहीलाही साक्षीदार मागतात आणि लोक निमूटपणे परत जातात.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी वाटून एकाच वेळी किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक, म्हणजे पहिला नसेल तर दुसरा. डीमॅट आणि म्युच्युअल फंडात ही संख्या दहापर्यंत गेली आहे. टक्केवारी लिहिता येऊ लागल्यावर लोकांना वाटतं, आता ही वाटणीच झाली. झाली नाही. ६०-४० लिहिलं तर बँक ६०-४० देईल, पण मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याचे हिस्से तसेच राहतात. ही सोय गोंधळ कमी करेल की वाढवेल याबद्दल मला शंका आहे. मृत्युपत्रातले आकडे आणि नॉमिनीचे आकडे जुळत नसतील तर चार नावं म्हणजे चार दावेदार.

मग नॉमिनी नकोच का? असं अजिबात नाही. नॉमिनी नसला की बँक सगळ्या वारसांच्या सह्या मागते, हमीपत्र मागते, रक्कम मोठी असेल तर जामीनदार किंवा न्यायालयाचा वारसा दाखला मागते. एक वारस परदेशात, एक रुसलेला, एक कोर्टाच्या पायऱ्या चढायला तयार नाही, आणि पैसे तिथेच. दहा वर्षं कोणी हात लावला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. नंतर मागता येते, रिझर्व्ह बँकेच्याच उद्गम पोर्टलवर नावाने शोधताही येते, पण मुळात शोधावं लागेल हे कोणाला तरी माहीत हवं. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज एवढ्यावर काम होतं. अंत्यविधी, दवाखान्याची बिलं, घरखर्च यांना हाच पैसा वेळेवर लागतो.

म्हणून नॉमिनी निवडताना प्रेमापेक्षा पाय चालणारे आहेत का ते बघावं. जो कागद समजून घेईल, बँकेत चार खेपा घालेल आणि मिळालेल्या रकमेचा हिशेब बाकीच्यांपुढे ठेवेल, असा माणूस. सगळं कोणाचं व्हावं याची इच्छा मृत्युपत्रात लिहावी. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. लागतात फक्त दोन साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही व्हायला हवी, आणि त्यांनी स्वतः लाभार्थी नसणं शहाणपणाचं. मृत्युपत्र केलं की शेजारी यादी घेऊन बसावं आणि प्रत्येक ठेव, पॉलिसी, फंड, फ्लॅट यांवरचं नाव मृत्युपत्राशी ताडून बघावं. जुळत नसेल तिथे बदलाचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आणि वारसाच्या बाजूने पाहायचं तर, नॉमिनी पैसे उडवून टाकेल अशी भीती असेल तेव्हा बँकेला पत्र लिहून, शाखाधिकाऱ्याशी वाद घालून काही होत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावून मनाई हुकूम आणावा लागतो, तोही पैसे दिले जाण्याआधी. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे कागदपत्रं पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे. तेवढाच अवधी हातात असतो. तो गेला तर हक्क जात नाही, पण मग पैसे बँकेकडून नव्हे, नॉमिनीकडून वसूल करायचे असतात.